‘मार खाल्लेलं मूल मारकुटं होतं’: एका वाक्याचा इतिहास

मुलांच्या आक्रमक वर्तनावर सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या कुणाचंही पहिलं पान उघडून बघा. एक वाक्य हमखास सापडेल: ज्या मुलांना घरी मारहाण होते, ती मुलं पुढे स्वतः इतरांना मारू लागतात. हे वाक्य इतकं अंगवळणी पडलंय की त्याला संदर्भ द्यावा असंही बऱ्याच जणांना वाटत नाही. दिलाच तर तो एखाद्या पाठ्यपुस्तकाचा असतो, आणि त्या पाठ्यपुस्तकाने तो आणखी एका पाठ्यपुस्तकातून उचललेला असतो.

पेट झाली, गाईड मिळाले, आता विषय पक्का करायचाय, अशा टप्प्यावर असलेल्या मित्रमैत्रिणींसाठी आजचा लेख आहे. वाक्य खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण ते कुणी म्हटलं, कुठे उभं राहून म्हटलं आणि कोणती मुलं बघून म्हटलं, याचा एक मोठा इतिहास आहे. तो वाचला की आपली प्रश्नावली छापायला देण्याआधी माणूस जरा थबकतो. (आक्रमक वर्तन म्हणजे इथे मी दुसऱ्याला इजा करणारं वागणं धरतेय: मारणं, चावणं, ढकलणं, शिवीगाळ, दुबळ्या मुलाचा सतत छळ. नुसता हट्ट किंवा खोडकरपणा यात येत नाही.)

आधी थोडं जुनं

१८७६ साली इटलीतले डॉक्टर चेझारे लोंब्रोसो यांचं गुन्हेगारावरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात आणि त्याच्या खुणा शरीरावर दिसतात. त्यांनी पाहिले होते ते मुख्यतः तुरुंगातले कैदी आणि कवट्या. म्हणजे मूल वाईट वागतं, कारण ते तसंच जन्माला आलं. विषय संपला!

गंमत म्हणजे त्याच १८७६ मध्ये आपल्याकडे इंग्रज सरकारने रिफॉर्मेटरी स्कूल्स अ‍ॅक्ट केला. त्यामागचं गृहीतक बरोबर उलटं होतं. मोठ्या कैद्यांच्या संगतीत मूल बिघडतं, त्याला वेगळं ठेवून हातात एखादा धंदा दिला तर ते सुधारतं. मुंबईत तर त्याआधीच, १८५७ मध्ये, डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक सुधारशाळा उभी राहिली होती. पण यावरून त्या सरकारला फार पुरोगामी समजू नका. पाचच वर्षं आधी, १८७१ मध्ये, याच सरकारने क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट करून अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. एकाच राजवटीत कारणांचे दोन सिद्धान्त सुखाने नांदत होते. कोणत्या मुलाला कोणता लावायचा, हे त्याचा जन्म कुठे झाला यावर ठरत होतं.

पुढे शिकागोत १८९९ मध्ये मुलांसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं, १९०९ पासून त्याला जोडून विल्यम हीली यांनी मुलांना एकेक करून तपासायला सुरुवात केली. लंडनमध्ये सिरिल बर्ट यांनी १९२५ च्या पुस्तकात गुन्हा करणाऱ्या मुलांची तुलना गुन्हा न करणाऱ्या मुलांशी केली आणि एकच एक कारण कधी नसतं, अनेक कारणं एकत्र येतात, असं मांडलं. (हेच ते बर्ट, ज्यांच्या जुळ्यांवरच्या आकडेवारीवर मृत्यूनंतर बनावटपणाचे आरोप झाले. त्यांचं काम उद्धृत करताना हेही माहीत असलेलं बरं, व्हायवात कुणी तरी विचारतंच.) हा भाग मी भरभर उरकतेय, कारण आपल्या वाक्याची खरी गोष्ट यानंतर सुरू होते.

बोल्बींची ४४ मुलं

१९३६ ते १९३९ या काळात जॉन बोल्बी लंडनच्या चाइल्ड गायडन्स क्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ होते. तिथे आलेल्या ४४ चोरट्या मुलांचा अभ्यास त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. तुलनेसाठी त्याच क्लिनिकमधली, पण चोरी न करणारी ४४ मुलं घेतली. चोरी आणि मारहाण एक नव्हे, हे मान्य. तरीही हा अभ्यास इथे टाळता येत नाही, कारण मुलाच्या आजच्या वागण्याचं मूळ त्याच्या पहिल्या काही वर्षांत शोधायचं, तेही आकडे मांडून, ही वाट त्याने रुळवली.

४४ पैकी १४ मुलांना बोल्बींनी वेगळं काढलं. कुणाबद्दल माया नाही, केल्याची लाज नाही, जबाबदारीची जाणीव नाही अशी ही मुलं. या १४ पैकी १२ जण लहानपणी आईपासून दीर्घकाळ दूर राहिले होते. उरलेल्या ३० चोरट्यांत अशी मुलं ५, आणि चोरी न करणाऱ्या ४४ मध्ये फक्त २.

१४ पैकी १२! आकडा बघून कुणीही हरखून जाईल. पण आता हाच पेपर आपण परीक्षक म्हणून वाचू.

कोणतं मूल मायाहीन, हे कुणी ठरवलं? बोल्बींनी. आणि त्याचा बालपणीचा इतिहास कुणाकडे होता? तोही त्यांच्याकडेच. म्हणजे निदान करणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक होतं. दुसरं असं, की १२ आणि ५ मिळून १७ झाले. ४४ पैकी २७ चोरटी मुलं आईपासून दूर गेलेलीच नव्हती, त्यांचं काय? तिसरा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आईपासून दूर राहिलेली, पण पुढे व्यवस्थित वागणारी जी मुलं लंडनमध्ये होती, ती क्लिनिकमध्ये येणारच कशाला? बोल्बींच्या दारात फक्त बिघडलेली मुलं येत होती. न बिघडलेल्यांना मोजायची सोयच त्या रचनेत नव्हती.

बोल्बींना एक श्रेय द्यायलाच हवं. त्यांनी एकेका मुलाची हकिगत पेपरमध्ये छापली, म्हणून तर आज आपण त्यांच्याशी वाद घालू शकतो. आणि पुढे त्यांनी स्वतःच उलट्या बाजूने पाहिलं. क्षयरोगाच्या सॅनिटोरियममध्ये लहानपणी महिनोन्‌महिने राहिलेल्या ६० मुलांचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला. १९५६ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ही मुलं अपेक्षेपेक्षा बरीच बरी निघाली, आणि आधीची विधानं अतिशयोक्त झाली होती असं त्यात मान्यही केलं. पण तोवर, १९५१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेसाठी बोल्बींनी लिहिलेला अहवाल जगभर पोहोचला होता. मूल वाया गेलं की आईकडे बोट दाखवायला शास्त्राचा आधार मिळाला होता. १९५६ चा पेपर आजही कमी लोक वाचतात. तुम्ही वाचा.

क्ष-किरणांतून दिसलेलं घर

१९६१ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या ७२ मुलांवर अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध बाहुल्याचा प्रयोग केला. मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुल्याला बडवताना पाहिलं की मुलंही तसंच बडवतात, शब्दसुद्धा तेच वापरतात. प्रयोग देखणा होता. पण तो बाहुला मुळात ठोसे मारण्यासाठीच बनवलेला असतो. खेळणं बडवणं आणि धाकट्या भावाला बडवणं एकच धरायचं का, हा आक्षेप तेव्हापासून आहे. तरी बघून शिकतात हे उत्तर लोकांना पटलं आणि पुढच्या वर्षीच त्याला एक जोड मिळाली.

१९६२ मध्ये हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात मारहाण झालेल्या मुलांवरचा लेख लिहिला. ७१ रुग्णालयांतून त्यांना वर्षभरातली ३०२ प्रकरणं कळली होती. त्यातली ३३ मुलं मेली होती आणि ८५ मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. आईबाप सांगत की मूल पलंगावरून पडलं, पण क्ष-किरणांत वेगवेगळ्या वेळी मोडून जुळलेली हाडं दिसत होती. या लेखानंतर काही वर्षांतच अमेरिकेतल्या सर्व राज्यांनी अशा घटना कळवणं बंधनकारक करणारे कायदे केले. एका लेखाने इतकं घडवून आणल्याची उदाहरणं थोडी आहेत.

याच लेखात असंही निरीक्षण होतं की मारणाऱ्या पालकांपैकी अनेकांनी लहानपणी मार खाल्लेला असतो. लगेच १९६३ मध्ये जॉर्ज कर्टिस यांनी एका मानसोपचार नियतकालिकात छोटंसं टिपण लिहिलं. हिंसेतून हिंसा उपजते, असं त्याच्या शीर्षकात म्हटलं होतं आणि पुढे एक शब्द होता: ‘कदाचित?’ प्रश्नचिन्हासकट. ही मारलेली मुलं मोठी होऊन खून आणि हिंसा करतील अशी त्यांना भीती होती, पण हातात पुरावा फारसा नव्हता. म्हणून प्रामाणिकपणे ‘कदाचित’. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत उद्धृतांच्या प्रवासात हे ‘कदाचित’ कुठे तरी गळून पडलं.

नऊ दहांश की नऊ एकोणपन्नासांश?

आता जो अभ्यास सांगणार आहे तो छोटा आहे, पण संशोधन पद्धतीच्या तासाला एवढा एकच शिकवला तरी चालेल असं माझं मत आहे. १९७९ मध्ये हंटर आणि किलस्ट्रॉम यांनी तो प्रसिद्ध केला. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या बाळांची २८२ कुटुंबं त्यांनी घेतली आणि पालकांना त्यांच्या स्वतःच्या बालपणाबद्दल विचारलं. ४९ कुटुंबांत लहानपणी मारहाण किंवा हेळसांड झाल्याचं समोर आलं. वर्षभराने पाहिलं तर २८२ पैकी १० कुटुंबांत बाळाची मारहाण किंवा हेळसांड झाल्याची नोंद होती. या १० पैकी ९ कुटुंबं त्या ४९ मधली होती.

मागे वळून बघा. बाळाला इजा करणाऱ्या १० कुटुंबांपैकी ९ ठिकाणी पालकांनी लहानपणी तेच सोसलेलं. ९० टक्के! वर्तमानपत्राचा मथळा तयार.

आता पुढे बघा. लहानपणी सोसलेली कुटुंबं ४९. त्यातली ९ चुकली, ४० चुकली नाहीत. म्हणजे १८ टक्के.

आकडे तेच, कुटुंबं तीच. फक्त भागाकार करताना खाली कोणती संख्या घेतली ते बदललं. यालाच आपण पुस्तकात रेट्रोस्पेक्टिव्ह आणि प्रॉस्पेक्टिव्ह असं पाठ करतो, आणि परीक्षेनंतर विसरतो. तुरुंगात, निरीक्षणगृहात किंवा समुपदेशकाच्या खोलीत बसून प्रश्न विचारणारा प्रत्येक जण पहिला भागाकार करतो, कारण ते ४० जण त्या खोलीत कधी येतच नाहीत.

पण घाई करून उलट्या टोकाला जाऊ नका. त्या ४९ सोडून उरलेल्या २३३ कुटुंबांत एकच चुकलं होतं. १८ टक्के आणि अर्धा टक्कासुद्धा नाही, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणजे बालपणीच्या मारहाणीने धोका वाढतो, हे याच आकड्यांतून दिसतं. ‘धोका वाढतो’ आणि ‘असं मूल तसंच होतं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, एवढंच. १९८७ मध्ये कॉफमन आणि झिग्लर यांनी तोवरचे अभ्यास चाळून अंदाज काढला: मार खाल्लेल्यांपैकी साधारण ३० टक्के पुढे आपल्या मुलांशी तसं वागतात. बहुतेक जण तसं वागत नाहीत.

विडम यांची फाइलींमधली शोधयात्रा

वरचं सगळं पालकांबद्दल झालं. मार खाल्लेली मुलं स्वतः पुढे काय करतात, हे नीट मोजलं कॅथी स्पॅट्झ विडम यांनी. १९८९ मध्ये त्यांचा लेख ‘सायन्स’मध्ये आला. रचना समजून घेण्यासारखी आहे.

अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या एका महानगरी परिसरात १९६७ ते १९७१ या काळात न्यायालयात सिद्ध झालेली मारहाण, लैंगिक अत्याचार आणि हेळसांडीची प्रकरणं त्यांनी घेतली. घटनेच्या वेळी मूल ११ वर्षांचं किंवा त्याहून लहान, अशी ९०८ मुलं. मग प्रत्येकाला जोडीदार शोधायचा. शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलासाठी रुग्णालयाच्या जन्मनोंदीतून, शाळेत जाणाऱ्यासाठी शाळेच्या नोंदीतून. वय, लिंग, वंश तेच आणि घरची परिस्थिती साधारण तशीच. असे ६६७ जोडीदार मिळाले. त्यानंतर दोन्ही गटांतल्या सगळ्यांच्या अटकेच्या नोंदी तपासल्या. कुणाला आठवायला सांगितलं नाही, कुणाच्या बोलण्यावर विसंबलं नाही.

निकाल असा. अल्पवयात अटक झालेले: अत्याचार किंवा हेळसांड झालेल्यांत २६ टक्के, जोडीदारांत १७ टक्के. मोठेपणी अटक: २९ आणि २१. हिंसक गुन्ह्यासाठी अटक: ११ आणि ८.

हे तीन आकडे शांतपणे वाचा. फरक आहे, तो योगायोगाने आलेला नाही आणि तो महत्त्वाचा आहे. पण दुसऱ्या बाजूने, ज्या मुलांच्या आयुष्यात न्यायालयाला दखल घ्यावी लागली त्यांतल्याही जवळपास ८९ टक्के मुलांना हिंसक गुन्ह्यासाठी अटक झाली नव्हती. आणि जोडीदार गटातले ८ टक्के कुठून आले? त्यांच्याबद्दल तर मारहाणीची नोंदच नव्हती. गरिबी, वस्ती, पोलिसांची नजर, असं बरंच काही दोन्ही गटांना सारखंच लागू होतं आणि ते या ८ टक्क्यांत लपलेलं आहे.

याच लेखातली एक गोष्ट आपल्या वाक्याला चांगलाच धक्का देते. ज्या मुलांची फक्त हेळसांड झाली होती, कुणी मारलं नव्हतं, त्यांच्यातही हिंसक गुन्ह्याचं प्रमाण १२.५ टक्के होतं. फक्त मारहाण झालेल्यांत १५.८. म्हणजे मुलं मार बघून मारायला शिकतात एवढंच असतं, तर हेळसांड झालेली मुलं जोडीदारांपेक्षा इतकी पुढे का? त्यांनी कुणाचं अनुकरण केलं? बांडुरांचा बाहुला इथे अपुरा पडतो. विडम यांचा लेख उद्धृत करणारे ‘हिंसेचं चक्र’ हा शब्द उचलतात, हेळसांडीचा हा आकडा मात्र तिथेच ठेवतात.

मग मधे नेमकं काय घडतं? लगेच १९९० मध्ये केनेथ डॉज, जॉन बेट्स आणि ग्रेगरी पेटिट यांनी ३०९ मुलांचा अभ्यास ‘सायन्स’मध्येच छापला. मुलं शाळेत जायच्या आधी घरी जाऊन आयांच्या मुलाखती घेतल्या, मुलांना छोटे प्रसंग दाखवले. समजा, कुणाचा तरी धक्का लागून तुझा ठोकळ्यांचा मनोरा पडला. मुद्दाम पाडला की चुकून? आता तू काय करशील? घरी इजा होईपर्यंत मार खाल्लेली मुलं प्रसंगातल्या बारीक खुणा नीट टिपत नव्हती, मुद्दाम केलं असं जास्त वेळा म्हणत होती, आणि मारामारीशिवाय दुसरे उपाय त्यांना कमी सुचत होते. काही महिन्यांनी शाळेत शिक्षकांना, वर्गातल्या मुलांना विचारलं, प्रत्यक्ष निरीक्षण केलं. ही मुलं जास्त आक्रमक निघाली. घरची परिस्थिती आणि मुलाचा जन्मजात स्वभाव हिशेबात धरूनही.

मला हा अभ्यास आवडतो तो यासाठी, की ‘मार’ आणि ‘मारकुटेपणा’ यांच्यामध्ये त्याने मुलाचं डोकं आणून ठेवलं. ज्या घरात हात कधी उठेल याचा भरवसा नाही, तिथे प्रत्येक धक्का मुद्दामच समजणं ही मुलाची हुशारीच असते. शाळेच्या मैदानावर तीच हुशारी त्याला भांडकुदळ ठरवते.

प्रश्नच उलटा विचारला तर?

आतापर्यंत सगळ्यांनी एक गोष्ट धरून चालली होती: मूल आधी साधं असतं, मग काही तरी घडतं आणि ते मारायला लागतं. मिनेसोटाच्या फ्लोरेन्स गुडइनफ यांनी १९३१ मध्येच ४५ मुलांच्या रागाच्या १८७८ घटना आयांकडून रोजच्या रोज लिहून घेतल्या होत्या. संतापाचे झटके सगळ्यांत जास्त दिसले ते आयुष्याच्या दुसऱ्या वर्षात. कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

पुढे कॅनडात रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी हा धागा उचलला. २००४ च्या त्यांच्या अभ्यासात क्वेबेकमधली ५७२ कुटुंबं होती आणि मुलांची मारण्या-चावण्याची माहिती १७, ३० आणि ४२ महिन्यांच्या वयात घेतली होती. साधारण २८ टक्के मुलं जवळपास मारतच नव्हती, ५८ टक्के मधल्या गटात, आणि १४ टक्के मुलं सुरुवातीपासून खूप मारणारी व वाढत जाणारी. ट्रेम्ब्ले म्हणतात की मारायला शिकवावं लागतच नाही. न मारायला शिकावं लागतं, आणि बहुतेक मुलं शाळेत जाईपर्यंत ते शिकतात. काही का शिकत नाहीत, हा खरा प्रश्न.

दीड वर्षाचं बाळ ज्यांच्या घरात आहे त्यांना हे सांगायला कॅनडाचा माणूस लागत नाही, असं आमच्या ओळखीतल्या एक आजी म्हणाल्या. बरोबरच आहे. पण या एका उलटीमुळे हेळसांडीचं कोडंही थोडं उलगडतं. न मारायला शिकवण्यासाठी कुणी तरी रोज शेजारी असावं लागतं: हात धरणारं, ‘त्याला लागलं बघ’ म्हणणारं, शब्द देणारं. मारणाऱ्या घरात हे शिक्षण बिघडतं आणि दुर्लक्ष करणाऱ्या घरात ते होतच नाही. हा दुवा मी जोडतेय. विडम यांच्या १९८९ च्या लेखात तो या शब्दांत नाही.

विडम तिथेच थांबल्या नाहीत. तीच मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली. २०१५ मध्ये त्यांनी पुन्हा ‘सायन्स’मध्ये विचारलं: हे चक्र खरंच आहे, की आपण काही कुटुंबांवर जास्त डोळा ठेवतो म्हणून तसं दिसतं? बालसंरक्षण यंत्रणेच्या नोंदी, पालकांचं स्वतःचं म्हणणं आणि त्यांच्या मुलांचं म्हणणं, अशा तीन बाजूंनी तपासलं. यंत्रणेच्या नोंदींत ही कुटुंबं नक्कीच जास्त होती. हेळसांड आणि लैंगिक अत्याचाराबाबत पुढच्या पिढीच्या सांगण्यातूनही फरक दिसला. पण शारीरिक मारहाणीबाबत, ज्यावरून हे सगळं सुरू झालं, जोडीदार गटाशी तुलना करता वाढ दिसली नाही. आणि मुलाशी गैरवर्तन केल्याचं ज्या पालकांच्या बाबतीत समोर आलं, त्यांतही लहानपणी ज्यांची फाइल झाली होती तेच यंत्रणेच्या नजरेस जास्त पडले होते. एकदा फाइल उघडली की ती उघडीच राहते, हे आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगायला नको.

आपल्याकडे हे वाक्य वापरताना

२००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बाल अत्याचारावरचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यं, त्यांत महाराष्ट्र आणि गोवाही, आणि १२,४४७ मुलं. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मारहाण सोसल्याचं सांगितलं.

आता समजा तुम्ही एखाद्या निरीक्षणगृहात गेलात आणि १०० पैकी ७० मुलांनी घरी मार खाल्ल्याचं सांगितलं. तुम्ही प्रबंधात लिहाल, ७० टक्के! पण बाहेरच्या शाळेतही ६५-७० निघत असतील, तर तुम्ही काय शोधलंत? जिथे बहुसंख्य मुलं मार खातात तिथे ‘मार खाल्ला का, हो की नाही’ हा प्रश्न मुलांमुलांत फरकच करू शकत नाही. किती वेळा, किती वयात, कशाने, कुणाकडून, त्यानंतर जवळ कुणी घेतलं का, असं विचारावं लागतं. अमेरिकेतली प्रश्नावली जशीच्या तशी मराठीत उतरवून हे होत नाही.

कायद्याच्या भाषेतही हा गुंता जुना आहे. मुंबई इलाख्याचा १९२४ चा बालकायदा, नंतर १९२७ मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी, या सगळ्यात सोसणारं मूल आणि गुन्हा करणारं मूल असे दोन कप्पे होते, तरी दोघांना सांभाळणारी यंत्रणा बरीचशी एकच. १९८६, २०००, २०१५ या बाल न्याय कायद्यांत नावं बदलत गेली, कप्पे राहिले. २०१५ च्या कायद्यात तर कलम १५ आलं. १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाने त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्हा घडला ती परिस्थिती यांचं प्राथमिक मूल्यांकन करायचं. त्यावर खटला मोठ्यांसारखा चालवायचा की नाही, हे ठरू शकतं. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक तपासणी अहवालात मुलावर घरी अत्याचार झाला होता का, याचीही नोंद असते.

ही नोंद वाचणारा माणूस तिच्याकडे कसं बघतो, याने मुलाचं बरंच काही ठरतं. या मुलाने सोसलंय, याला आधार हवा, असं वाचता येतं. आणि हा असल्या घरातला, हा सुधारणार नाही, असंही वाचता येतं. दुसरं वाचन करणाऱ्याच्या डोक्यात आपलं तेच वाक्य असतं, ‘कदाचित’ गळालेलं. आपले प्रबंध आणि त्यांचे सारांश प्रशिक्षणांतून याच अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचतात, म्हणून मला या शब्दाची इतकी काळजी.

तुमच्यापैकी जे या विषयात उतरणार आहेत त्यांना दोन कामाच्या गोष्टी. मुलांना मारहाणीबद्दल विचारताना एखादं मूल लैंगिक अत्याचाराबद्दल सांगू शकतं, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. ‘सगळी माहिती गुप्त राहील’ असं संमतीपत्रात सरसकट छापू नका. आणि सिनॉप्सिस देण्याआधी गाईडना विचारा, मार खाऊनही न मारणारी मुलं आपल्या नमुन्यात कुठून येणार? ती निरीक्षणगृहात सापडणार नाहीत. साध्या शाळेत, त्याच वस्तीत शोधावी लागतील. शाळेची परवानगी, पालकांची संमती आणि एथिक्स कमिटी धरून त्यालाच सगळ्यांत जास्त वेळ जातो, तेव्हा वेळापत्रकात त्याची जागा आधीच ठेवा.